बत्तीस घरांचं बेणं

मळीची वस्ती, ता. कऱ्हाड
१२ मे २०२४

प्रिय बाळासो,

एक आवाज साठ वर्षं झाली तरी माझ्या कानातून जात नाही. दुपारचा चौथा तास. गुरव मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरतायत, आपण चाळीस पोरं एका सुरात भुजंगप्रयात म्हणतोय, आणि खिडकीबाहेरून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा किणकिणाट येतोय. दिवाळी सरली की तुझ्या वडलांचा कळप तुमचा कोरडा माळ सोडून इकडं कृष्णाकाठी चरायला यायचा. घंटा ऐकल्या की तू कविता म्हणता म्हणता थांबायचास. बाकीचे एकोणचाळीस पुढं जायचे. माझे डोळे मिटलेले असले तरी मला कळायचं, बाळासोचा आवाज गळाला, म्हणजे मेंढरं पुलावर आली.

काल दुपारी पडवीत पडलो होतो आणि ते सगळं उगीच ऐकू आलं. उठलो आणि पत्राला बसलो. फोन करून उपयोग नाही. तू नुसतं 'हां हां' म्हणतोस आणि मग मागं वळून अंबूबाईंना विचारतोस, "काय म्हनला गं त्यो?"

फेब्रुवारीत तुला लावणीच्या उसाची, बेण्याची ट्रॉली पाठवली. पहिल्या मोळीवर नारळ ठेवून, हळदकुंकू वाहून. वडलांच्या वेळचा आपला पांढरा ऊस. साखर कारखान्याचे लोक म्हणतात, सोडा हा वाण, याच्यात दम नाही. मी सोडत नाही. या उसाच्या गुळाची चव ज्यानं चाखली तो माणूस अजून जिवंत आहे, आणि तो मीच आहे. आजवर एकतीस घरांना मी हे बेणं दिलं, कुणाकडून काही घेतलं नाही. तू बत्तिसावा. आणि सगळ्यांत लाडका. तुझ्या माळावर कालव्याचं पाणी येईल, तिथं ऊस उभा राहील, असं कुणी तेव्हा वर्गात म्हणालं असतं तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तीन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. ऊस उगवला का? की हिरवं रान बघून जुना मित्र विसरलास? रागानं लिहीत नाही. हल्ली राग यायला लागते तेवढी ताकदही सकाळी अकरापर्यंतच असते.

तुझा
लालासाहेब


धुळोबाची वस्ती, ता. कवठे महांकाळ
२७ मे २०२४

लाला, रामराम.

पत्र पोचलं. उशीर झाला म्हनून तोंड वाकडं करू नको. पाटाला पानी सुटलं की मानूस घरात ऱ्हातंय व्हय? अंबूचं तर काय इचारूच नको. पानी आलं की बांधावर जाऊन बसती, दोन्ही पाय पाटात सोडून. म्या म्हनलं, अगं, जेवान कोन करायचं? तर म्हनती, "उभा जलम घागरीनं पानी वाहिलं, आता जरा त्येला माझ्याकडं येऊ द्या की."

ऊस झ्याक हाय. काय काळजी करू नको. तुजं बेनं म्हंजे बेनं. कांडी न् कांडी अंबूनं सवताच्या हातानं लावल्या, गड्याला हात लावू दिला न्हाई. नात उत्कर्षा सुट्टीला आली हुती. ती शेतकी कॉलेजात पिकांच्या रोगांचं शिकती, एमेस्सी. तुला लय इचारत हुती.

एक इचारायचं राहिलं. आमच्या शेजाऱ्याच्या उसाला शेंड्यातनं काळी शेपटं निघाल्यात. हात-हात लांब, वाकडी. हात लावला की काजळीवानी भुकटी उडती. ते काय आसतंय रं? तुला ठावं आसंल म्हनून इचारलं. शेजाऱ्याचं हाय, बरं का.

गुडघं धरत्यात. मेंढरं आता पंधराच ठेवल्यात.

तुजा
बाळासो


मळीची वस्ती
६ जून २०२४

प्रिय बाळासो,

ऊस चांगला आहे वाचून जीव थंड झाला.

तुझ्या शेजाऱ्याला झाली आहे ती काणी. बुरशीचा रोग. त्या शेपटाला आम्ही इकडं चाबूक म्हणतो. ज्या उसात तो निघाला तो ऊस गेला, वाढायचा थांबतो, गवतासारखा बारीक होतो. वाऱ्यावरून येते ती, नाही तर घाणेरड्या बेण्यातून. शेजाऱ्यानं कुणा निष्काळजी माणसाकडून बेणं घेतलं असणार, त्याला विचार. माझ्या प्लॉटात काणी औषधालासुद्धा सापडायची नाही. सतरा वर्षं पलटणीत काढलीत, रोज पहाटे सरीसरीनं फिरतो. पानापानाची हजेरी घेतो.

तुला आठवतं, आठवीत मी उसावर दोन ओळी जुळवल्या होत्या?

नदीच्या कडेला उभा ऊस डोले,
मुळाशी तयाच्या नदी गूढ बोले.

मास्तर म्हणाले होते, वृत्त बिनचूक आहे, पण लेका, नदी दोनदा आली. मी म्हटलं, मास्तर, पूर येतो तेव्हा दोनदाच येते. वर्ग हसला आणि मी छडी खाल्ली. तिसरी ओळ अजून सुचलेली नाही.

इकडं वळीव झाला नाही. हवा नुसती कोंडून राहिली आहे. माणूसही.

तुझा
लाला


कृषी महाविद्यालय वसतिगृह
२४ जून २०२४

आदरणीय लाला आजोबांना उत्कर्षाचा नमस्कार.

हे पत्र आबांना न सांगता लिहिते आहे. आधी माफी मागते.

आबांनी तुम्हाला लिहिलेला तो शेजारी म्हणजे आबाच. काणी आमच्याच उसात आहे. चाळीस गुंठ्यांत मी एकशे दहा चाबूक मोजले. आबा म्हणतात, "लालाला कळवायचं न्हाई. त्यानं नारळ ठेवून दिलंय." आजी रोज सकाळी पोतं घेऊन जाते, चाबकावर पोतं घालते, कापते आणि बांधावर नेऊन जाळते.

माझ्या एमेस्सीच्या प्रबंधाचा विषय हीच बुरशी आहे. थोडक्यात सांगते. चाबकाची काळी भुकटी म्हणजे तिचे बीजकण. एक कण रुजला की त्यातून बारीक पेशी निघतात, दोन जातींच्या. नर-मादी नव्हे, पण सोयीसाठी तसं समजा. त्यातली एकटी पेशी उसाचं काहीच बिघडवू शकत नाही. दोन वेगळ्या जातींच्या पेशी एकत्र आल्या, जोडी जमली, तरच ती कांडीवरच्या डोळ्यातून, म्हणजे कोंब फुटतो तिथून, आत शिरते. आणि बहुतेक वेळा एकाच कणातली भावंडंच आपसांत जुळतात. त्यामुळे एका रानातली काणी पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी राहते. तिचं एक घराणं होतं आणि प्रयोगशाळेत ते ओळखू येतं.

म्हणजे वाऱ्यानं आली असेल तर आमच्या रानात चार ठिकाणची सरमिसळ दिसेल. बेण्यातून आली असेल तर एकच घराणं दिसेल, आणि बेणं जिथून आलं त्या रानातल्या घराण्याशी ते जुळेल.

तुमच्या प्लॉटात एखादा जरी चाबूक दिसला तरी कागदी पाकिटात घालून पाठवाल का? प्लास्टिकमध्ये नको, बुरा येतो. कुणाला दोष द्यायचा नाही, आजोबा. फक्त वाट कळली तर पुढची घरं वाचतील.

आपली
उत्कर्षा


मळीची वस्ती
५ जुलै २०२४

चि. उत्कर्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बाळासोच्या अक्षरासारखं उजवीकडं झुकतं. वाचताना तो नववीच्या बाकावर बसल्यासारखा वाटला. तो नववीतूनच मेंढरांमागं गेला, हे तुला माहीत असेल. त्याच्याइतकं पाठांतर वर्गात कुणाचं नव्हतं. मास्तर त्याला परत आणायला एसटी उतरून तुमच्या माळावर चालत गेले होते. त्याच्या वडलांनी मास्तरांना दूध पाजलं, पायावर पाणी घातलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

तू विषय मोठा घेतला आहेस. कीर्ती कर. पण माझ्या प्लॉटात पाठवण्यासारखं काही नाही. माझा ऊस निरोगी आहे. वारा कुणाच्या बांधाला विचारून येत नाही. तुमचा माळ उघडा, वर पश्चिमेचा वारा, येताना तो कुठकुठलं काय घेऊन येत असेल कोण सांगणार.

प्रकृतीला जप. हॉस्टेलचं जेवण म्हणजे काय असतं ते मी आणि तुझ्या आबानं शाळेच्या बोर्डिंगात पाच वर्षं भोगलंय.

तुझा
लाला आजोबा


धुळोबाची वस्ती
२० जुलै २०२४

लाला,

पोरीनं तुला लिवलं हे मला काल कळलं. लय बोललो तिला. रडली.

खोटं बोललो रं तुझ्याशी. शेजारी न्हाई, मीच. पर तू म्हनतोस ते खरं आसंल, वाराच आसंल. पोरीला सांगितलंय, लाला न्हाई म्हनला म्हंजे न्हाई, मितराच्या शब्दाची तपासनी करायची नसती. पुस्तकं कायबी म्हनू देत.

अंबूला मातर काय सांगू? चाबूक जाळून येती, हात धुती, भाकरी थापती. काल एवढंच म्हनली, "नारळ फोडला तवा आतनं चांगला निगाला हुता."

तू मनाला लावून घेऊ नको. पाऊस बरा हाय.

बाळासो


मळीची वस्ती
२ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षा,

या पत्राबरोबर सात कागदी पाकिटं आहेत. प्रत्येकावर सरीचा नंबर आणि तारीख लिहिली आहे. सातही चाबूक माझ्या बेणे प्लॉटातले आहेत.

तुझ्या आबाचं पत्र आलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या वाचून घडी घातली असती. पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. ते पत्र मी आठ दिवस उशाखाली ठेवलं आणि आठ दिवस नीट जेवलो नाही.

आता ऐक. गेल्या वर्षी मे महिन्यात प्लॉटात पहिला चाबूक दिसला. मग तिसऱ्या सरीत दोन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचक्रोशीत लालासाहेबाचं बेणं म्हणजे डोळे मिटून लावावं असं लोक म्हणतात, आणि त्याच्या रानात काणी! मी कुणाला सांगितलं नाही. मजूर यायच्या आधी पहाटे उठायचं, चाबूक कोयत्यानं छाटायचे आणि विहिरीमागं खड्ड्यात पुरायचे. तुझ्या आजीसारखं वर पोतं घालायचं मला सुचलंही नाही. भुकटी धोतरावर उडायची, ती मी झटकायचो, तिथंच, उभ्या उसात. चाबूक छाटला म्हणजे उसाचं ते बेट बरं झालं असं मी समजलो. किंवा समजून घेतलं. त्याच प्लॉटातलं बेणं मी बाळासोला दिलं. पाहिलेलं असून दिलं.

परवा पाकिटं भरताना आमच्याकडं कामाला येणारी भामाबाई बघत उभी होती. मी म्हटलं, "काय बघतीस?" म्हणाली, "काय न्हाई. तुमी वरीसभर पहाटं विहिरीमागं कायतरी पुरताय, मला वाटलं साप मारताय. म्हनलं, एवढं साप ह्येंच्याच रानात कसं?"

तिला माहीत होतं, म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच माहीत असावं. मी एकटाच गुपित राखून होतो.

तपास कर. जे निघेल ते मला आधी कळव आणि मग आबाला. फार थकलोय पोरी. खोटं सांभाळायला माणूस तरणा लागतो.

लाला आजोबा


कृषी महाविद्यालय वसतिगृह
८ डिसेंबर २०२४

आदरणीय लाला आजोबा,

उशीर झाला. नमुने दोन वेळा तपासले, सरांनी तिसऱ्यांदा तपासायला लावले. ऑक्टोबरमध्ये आमच्या रानात चाबकांची दुसरी फेरी निघाली, बुडाशी आलेल्या नव्या फुटव्यांवर. तेही घेतले. आता सांगते, सगळं सरळ सांगते.

तुमच्या सात पाकिटांत एकच घराणं आहे. आमच्या रानातल्या पहिल्या फेरीतले निम्म्याहून जास्त चाबूक त्याच घराण्याचे आहेत. जराही फरक नाही. ती काणी तुमच्या बेण्यातून आली.

पण राहिलेले चाबूक दुसऱ्याच घराण्याचे निघाले. ते तुमचे नाहीत. वाऱ्याचेही नाहीत, कारण ते सगळे एकाच कोपऱ्यातल्या दहा गुंठ्यांत आहेत. मी आबांना विचारलं. आबा बराच वेळ कानाला ऐकू येत नसल्यासारखं करत राहिले. त्याबद्दल ते स्वतः लिहिणार आहेत, मी वेगळं सांगत नाही.

मला झोप येईना ती तिसऱ्या गोष्टीनं. दुसऱ्या फेरीतल्या चौदा चाबकांत दोन्ही घराण्यांच्या खुणा एकत्र आहेत. तुमच्याकडच्या कणातली पेशी आणि त्या दुसऱ्या कणातली पेशी एकाच डोळ्यावर पडल्या आणि जुळल्या. एरवी भावंडांतच जुळणारी ही बुरशी आमच्या रानात पहिल्यांदा बाहेरच्या घराण्याशी जुळली. आता त्या चौदा चाबकांच्या भुकटीत दोघांचे गुण नव्या नव्या रीतीनं वाटले गेले असतील. ज्या वाणांना आज काणी होत नाही, त्यांनाही घेणारं एखादं त्यात निघेल की नाही, मला सांगता येत नाही. सरांनाही नाही. पण निघायचं असेल तर ते असंच निघतं.

म्हणून एकच उपाय आहे. ऊस कारखान्याला जाऊ द्या, गाळपाला हरकत नाही. पण त्यातली एक कांडीसुद्धा बेण्याला द्यायची नाही, तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर फुटणारा खोडवा ठेवायचा नाही, बेटं मुळासकट खणून जाळायची. दोन्हीकडं. पुढच्या वेळी बेणं गरम पाण्यातून काढलेलं घ्यायचं.

अडचण आजीची आहे. आमच्या माळावर अकरा घरांना यंदा पहिल्यांदा पाणी मिळतंय. आजीनं त्या अकराही घरांना बेणं कबूल केलंय. तिचा भाऊ, बाबांचा ज्ञानूमामा, जानेवारीत पहिली ट्रॉली न्यायला येणार आहे.

उत्कर्षा


धुळोबाची वस्ती
२२ डिसेंबर २०२४

लाला,

पोरगी म्हनली, आबा, आता तुमी लिवा. तर लिवतो.

तुज्या ट्रॉलीत बेनं कमी पडलं हुतं. दहा गुंठं रान मोकळं ऱ्हात हुतं. तुला आनिक मागायचं तर तू आनिक धाडलं आसतंस, घरातलं मोडून. आनि म्या तुला किती मागू? बा मेंढरं घिऊन यायचा तवापास्नं तुमच्या उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं मेंढरास्नी घालत आलो. म्हनून म्या शिराळ्याला चुलतमेव्हन्याकडं गेलो आनि चार मोळ्या आनल्या. कोपऱ्यात लावल्या. तुला सांगितलं न्हाई, का तर तुला वाटंल, आपलं दिलेलं पुरं पडलं न्हाई ह्येला.

आता पोरगी सांगती, त्या दोगांचं माझ्या रानात जुळलं. म्हंजे तुजं लपवनं आनि माजं लपवनं, दोनी मिळून तिसरंच काय तरी जल्माला आलं. कुनाला रागवू?

अंबूला समदं सांगितलं. तिनं ऐकलं. मग म्हनली, "व्हय, पर अकरा घरांना शब्द दिलाय मी." म्या म्हनलं, रोग हाय गं त्यात. तर म्हनली, "भावजींनी बत्तीस घरांना दिलं तवा त्येंला लोक म्हनलं दानशूर. मी उभा जलम दुसऱ्याच्या बांधावर उभी ऱ्हायली, ताक मागितलं, वाडं मागितलं, रानात मेंढरं बसवू द्या म्हनलं. आता पैल्यांदा माज्याकडं कोन मागाया आलंय. आनि आता पुस्तक म्हनतंय देऊ नगंस?"

म्या उठून मेंढरास्नी पानी दावून आलो.

मग म्हनली, "त्येंनी सवताचा ऊस उपटलाय का? आदी त्येंनी उपटूं दे."

आनि तुजं नाव घरात काढायचं न्हाई अशी आता तंबी हाय. ज्ञानू वीस जानेवारीला ट्रॉली आनतोय. तिच्या म्होरं माजं काय चालत न्हाई, कवा चाललं बी न्हाई.

दमलो रं.

बाळासो


मळीची वस्ती
१८ जानेवारी २०२५

प्रिय बाळासो,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. या महिन्यात काय झालं ते एका दमात सांगतो. हे पत्र वीस तारखेच्या आत पोचणार नाही हे मला कळतं. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, अंबूबाईंनी माझा फोन उचलायचा सोडलाय, आणि पोरीनं परीक्षेचं सोडून किती धावाधाव करायची?

बत्तीस घरांपैकी बाकीच्या सगळ्यांना पत्रं लिहिली. तुझं सोडून एकतीस. प्रत्येकाला तेच: माझ्या बेण्याच्या प्लॉटात काणी आहे, दीड वर्ष मला माहीत होतं, मी लपवलं, आता खोडवा ठेवू नका, बेणं कुणाला देऊ नका, बेटं खणून जाळा. पहिली पाच पत्रं दोन-दोनदा फाडून पुन्हा लिहिली. दहाव्यानंतर नुसती बोटं दुखली. सोळाव्यापाशी मी चक्क पेंगलो. एवढी मोठी लाज, पण सोळा वेळा लिहिली की तीही कारकुनी होऊन जाते.

उत्तरं आली. दोघांनी तोंडाला येईल ते लिहिलं, बरोबरच लिहिलं. एका घरची म्हातारी मंडळी गेली, पोरांना हा वाण कुणी दिला तेसुद्धा ठाऊक नाही. खालच्या आळीचा एकजण येऊन पडवीत बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "नाना, आमाला दोन वर्षं झाली चाबूक निघत्यात. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई." बाळासो, तुझ्यासारखे किती आहेत रे या मुलखात! माझं मन राखता राखता लोकांनी स्वतःची रानं घालवली.

मग प्लॉट काढला. आठ माणसं, चार दिवस. बेटं खणली, माती झटकली, ढीग केले, पेटवले. वडलांचा पांढरा ऊस. मी खुर्ची टाकून बघत बसलो. काहीतरी म्हणावं, एखादा श्लोक तरी, असं वाटत होतं. पोटभर पाठ केलेलं सगळं, पण एकही ओळ ओठावर आली नाही. धुरानं डोळे चुरचुरले एवढंच. भामाबाई म्हणाली, "घरात जावा, न्हाईतर खोकून खोकून रात काढाल." गेलो.

तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही, म्हणून हेही लिहितो. एक बेट मी ठेवलं आहे. विहिरीच्या थारोळ्यापाशी, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तिथं. त्याला चाबूक नाही, मी रोज बघतो. वडलांनी जिथं पहिली कांडी लावली होती, ती जागा. माणसांना सांगितलं, तेवढं राहू द्या. ती एकमेकांकडं बघत पुढच्या बेटाकडं वळली. उत्कर्षाला कळलं तर ती म्हणेल, आजोबा, चाबूक दिसत नाही म्हणजे बुरशी नाही असं नसतं, ती आत दडून असते. मला पाठ आहे ते. कळतंय आणि हात चालत नाही. एका बेटानं काय होणार आहे, असं रोज सकाळी स्वतःला म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत ते खरं वाटायला लागतं. दीड वर्षापूर्वी पहिल्या तीन चाबकांबद्दलही असंच म्हणत होतो.

तुझ्या घरी जे चाललंय त्यात मी कुठल्या तोंडानं बोलू? अंबूबाईंचं म्हणणं मी दहा वेळा वाचलं. त्यात चूक काय ते मला सापडत नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, तो वर ठेवायची चटक लागते, हे त्यांना आज कळतंय आणि मला पन्नास वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. त्यांना म्हणावं...

कुत्रं भुंकलं म्हणून उठलो होतो. बाळासो, हे वाचशील तोवर अंबूबाई घरी परतल्या असतील, पण आत्ता लिहितो. त्या इथं आहेत.

फाटकापाशी उभ्या होत्या. एकट्या. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, चपला काढून हातात धरलेल्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाल्या म्हणे, दोन गाड्या बदलून, आणि तुला बाजाराला जाते सांगून. मी "या, आत या" म्हटलं तर तिथूनच म्हणाल्या,

"आवं भावजी, आत न्हाई येत. आदी पायावर पानी घाला. आमच्या रानातनं आलेय मी. पोरगी म्हनती, पायाला चिकटून बी जाती ती भुकटी."

भामाबाईनं घागर आणली. पाय धुतले, चपला धुतल्या, पदराचं टोकसुद्धा झटकून घेतलं. मग म्हणाल्या, "चहा नगं. परवा ज्ञानू ट्रॉली आनतोय. तुमी उपटलाय ते मला डोळ्यानं बघायचंय. ऱ्हायला आसंल तर माज्या अकरा घरांना मी बी देनार. समदा उपटला आसंल तर ज्ञानूला रिकामा लावून देते, आनि उद्याच कुदळ घेते."

मी पलटणीत हजेरीला उभा राहायचो तसा त्यांच्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, "समदा उपटला. एक बेट ऱ्हायलंय, वैनी. विहिरीपाशी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. आठवीतल्या पोराचं उत्तर चुकल्यावर मास्तर बघायचे तसं.

"ठावं हुतं मला," म्हणाल्या. "पुरुषमानसं एक मागं ठेवत्यातच. म्हनून तर आले."

त्या आता विहिरीच्या वाटेला लागल्यात, अनवाणीच. भामाबाई कुदळ घेऊन मागं निघाली आहे. मीही जातो. पहिला घाव माझा मला घालू द्या, एवढं त्यांना विचारायचं आहे.

लाला